सॅन पेद्रोचे तिघे

बोटीने येणाऱ्याला सॅन पेद्रो आधी भेटतं, लॉस एंजेलिस नंतर. एंजल्स गेटचा दीपस्तंभ डाव्या हाताला ठेवून बोट लाटरोधक भिंतीच्या आत शिरते, टग लागतात, आणि मुख्य चॅनेलमधून वर सरकलं की समोर हिरवा व्हिन्सेंट थॉमस पूल येतो. हे दृश्य डेकवाल्यांच्या वाट्याचं. मी इंजिनवाला. बंदरात शिरताना आम्ही खाली कंट्रोल रूममध्ये टेलिग्राफवर डोळे लावून उभे असतो. त्यामुळे माझं सॅन पेद्रो सुरू होतं ते दोर बांधून झाल्यावर, गँगवे उतरल्यावर. क्रेनखालची वाट, बंदराचं फाटक, आणि मग चढावर वसलेलं एक कष्टकरी गाव.

कागदोपत्री हे गाव १९०९ पासून लॉस एंजेलिस शहरात मोडतं. शहराला बंदर हवं होतं. म्हणून त्याने आधी दक्षिणेकडची जमिनीची एक चिंचोळी पट्टी आपल्यात ओढून घेतली आणि मग पट्टीच्या टोकाचं हे गाव घेतलं. गावाने मात्र स्वतःला कधी त्या शहराचं मानलं नाही. इथले लोक गावाचं नाव 'पीड्रो' असं म्हणतात, आणि 'पेद्रो' म्हणणारा बाहेरचा हे लगेच ओळखतात. क्रोएशियातून आणि इटलीतून आलेल्या मच्छीमारांनी हे गाव वाढवलं. समोरच्या टर्मिनल आयलंडवर जपानी कोळ्यांची वस्ती होती. १९४२ मध्ये सरकारने त्यांना ४८ तासांत घरं सोडायला लावली आणि वस्ती पाडून टाकली. ट्यूना डबाबंद करणारे कारखाने, जहाजबांधणी, आणि गोदी. गोदी कामगारांचा इतिहास तर रक्ताचा आहे. १९२३ च्या संपात लेखक अप्टन सिंक्लेअर संपकऱ्यांसमोर अमेरिकेच्या राज्यघटनेतला भाषणस्वातंत्र्याचा भाग वाचायला उभा राहिला, तर पोलिसांनी त्याला तिथेच अटक केली. १९३४ च्या मोठ्या संपात इथल्या धक्क्यावर गोळीबारात दोन संपकरी गेले. त्या संपातून पुढे पश्चिम किनाऱ्यावरची गोदी कामगारांची बलाढ्य युनियन उभी राहिली.

हा इतिहास सांगायचं कारण, १९८० साली याच गावातून तीन पोरांचा एक बँड निघाला. नाव मिनिटमेन. तो सहा वर्षंही टिकला नाही. अमेरिकेतल्या स्वतंत्र रॉकचा इतिहास लिहिणारे त्याला पंकच्या खात्यात टाकतात, आणि त्यात चूक काही नाही. पण त्यांच्या तबकड्या वर्षानुवर्षं बोटीवर ऐकल्यावर माझं मत असं बनलं आहे की हा बँड संगीताच्या एखाद्या पंथापेक्षा बंदराचा जास्त आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरांतल्या मुलांनी आपल्या बापांची काम करायची रीत उचलली आणि तिचं संगीत केलं.

तिघांतले दोघे बालमित्र. माइक वॉटचे वडील अमेरिकन नौदलात, जहाजांच्या इंजिनरूममध्ये चीफ. १९६७ च्या सुमारास त्यांचं कुटुंब व्हर्जिनियातून सॅन पेद्रोच्या नौदल वसाहतीत आलं. डेनिस बून, ज्याला सगळे डी. बून म्हणत, तो जवळच्याच पार्क वेस्टर्न वसाहतीतला. दुसऱ्या महायुद्धातल्या बराकींची पुढे सरकारी घरं केली होती, त्यांतल्या एका घरात हे कुटुंब राही. त्याचे वडील मोटारींत रेडिओ बसवायचे. पेक पार्क नावाच्या बागेत एका दुपारी मुलं लढाई-लढाई खेळत होती. बूनने आपला सवंगडी समजून झाडावरून उडी मारली ती नेमकी वॉटच्या अंगावर. तेव्हा दोघे तेरा वर्षांच्या आतबाहेर. चालता चालता बून एकामागून एक चुरचुरीत भाषणं म्हणून दाखवू लागला, आणि हा मुलगा भलताच हुशार दिसतो असं वॉटला वाटलं. घरी गेल्यावर कळलं की ती सगळी भाषणं जॉर्ज कार्लिन या विनोदवीराच्या तबकडीवरची, पाठ केलेली. मैत्री मात्र जमली.

या गोष्टीत खरं पान बूनच्या आईचं आहे. मार्गी बून. वसाहतीतलं वातावरण बरं नव्हतं, शाळा सुटल्यावर पोरं रस्त्यावर नकोत, डोळ्यांसमोर घरात असावीत, एवढाच तिचा विचार. म्हणून तिने मुलाला गिटार आणि त्याच्या मित्राला बास वाजवायला सांगितलं. बास कशाला म्हणतात हे वॉटला ठाऊक नव्हतं. त्याने साध्या गिटारच्या दोन तारा काढल्या, चार ठेवल्या, आणि तेच बास समजून कितीतरी दिवस वाजवलं. खऱ्या बासच्या तारा किती जाड असतात हे त्याने नंतर पाहिलं. रॉकचा इतिहास स्टुडिओंच्या आणि कंपन्यांच्या नावांनी भरलेला असतो. या बँडच्या बाबतीत पहिली नोंद एका आईच्या काळजीची करायला हवी. ती १९७८ मध्ये गेली. मुलांचा बँड तिने पाहिला नाही.

दोघे घरात बसून क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवलची आणि ब्लू ऑयस्टर कल्टची गाणी तबकडीवरून उतरवत. क्रीडन्सचा जॉन फोगर्टी चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट घालायचा, म्हणून वॉटही तसाच घालू लागला. स्वतःचं गाणं रचता येतं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्या काळी रॉक म्हणजे क्रीडासंकुलं, दिव्यांचे झोत, लांबून दिसणारी माणसं. मग हॉलिवूडमध्ये पंकचे कार्यक्रम सुरू झाले. तिथे जाऊन त्यांनी पाहिलं की मंचावरची माणसं वादनात आपल्यापेक्षा कच्ची आहेत, तरी स्वतःची गाणी म्हणताहेत, आणि ऐकणाऱ्यांपासून हातभर अंतरावर उभी आहेत. त्यांना जे मिळालं ते एवढंच: परवानगी. शाळेतला मित्र मार्टिन टॅम्बुरोविच गायला, आणि समुद्रावर लाटांशी खेळणारा जॉर्ज हर्ली ड्रमला, असा 'रिअॅक्शनरीज' नावाचा पहिला बँड झाला, मोडला. १९८० च्या जानेवारीत मिनिटमेन सुरू झाला. आरंभी ड्रमवर दुसरा एक जण होता. काही महिन्यांत हर्ली परत आला आणि तिघे पक्के झाले.

पुढची साथ बंदराच्या वरच्या किनाऱ्यावरून मिळाली. ग्रेग गिन हा हौशी रेडिओवाला. त्याने रेडिओचे सुटे भाग विकायला एसएसटी नावाचा टपालधंदा काढला होता आणि पुढे त्याच नावाने आपल्या ब्लॅक फ्लॅग बँडची तबकडी छापली. एसएसटीची दुसरी तबकडी मिनिटमेनची, 'पॅरनॉइड टाइम', १९८० च्या डिसेंबरात. सात गाणी, सगळी मिळून सात मिनिटांच्याही आत. खर्च तीनशे डॉलरच्या आसपास. पुढच्या वर्षी 'द पंच लाइन': अठरा गाणी, पंधरा मिनिटं.

एवढी छोटी गाणी का? इंग्लंडच्या वायर या बँडची 'पिंक फ्लॅग' तबकडी त्यांनी घोकली होती, लॉस एंजेलिसच्या युरिनल्स या बँडला ऐकलं होतं. त्यांच्याकडून शिकले की धृपद दोनदा म्हटलंच पाहिजे, मध्ये गिटारची लांबलचक फिरत घेतलीच पाहिजे, असा काही कायदा नाही. मुद्दा मांडून झाला की थांबायचं. पण वायरची गाणी थंड डोक्याची आहेत, आणि यांची घामाची. बून हा चांगला भरभक्कम माणूस. तो गाताना उड्या मारायचा आणि गिटारवर जणू कोणी मिनिटं मोजतंय अशा घाईने तुटून पडायचा. रेगन, मध्य अमेरिकेतली युद्धं, व्हिएतनाम, कामावरचा साहेब, इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेलं काहीतरी. हे सगळं एका मिनिटात.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो. माझ्या मते या बँडची गुरुकिल्ली तीच आहे. रॉक बँडमध्ये गिटार सहसा सगळी जागा व्यापते. खालचे स्वर, मधले, वरचे, सगळे तीच भरते, आणि बास तिच्या सावलीत राहतो. बूनने आपल्या गिटारमधले खालचे स्वर काढूनच टाकले. नुसता वरचा, धारदार, पातळ आवाज ठेवला. खालची सगळी जागा वॉटच्या बाससाठी मोकळी सोडली आणि मधून हर्लीच्या ड्रमला वाट दिली. हा निव्वळ आवडीचा प्रश्न नव्हता. तिघांचा वाटा सारखा असला पाहिजे हा बूनचा राजकीय विचार होता आणि त्याने तो अॅम्प्लिफायरच्या बटणांवर अमलात आणला. समतेबद्दल गाणारे बँड पुष्कळ झाले. आवाजाच्या वाटणीत समता आणणारा असा दुसरा बँड माझ्या ऐकण्यात नाही.

त्यांच्या कामाच्या पद्धतीला त्यांचा स्वतःचा शब्द होता: 'इकॉनो'. मध्यरात्रीनंतर स्टुडिओचा दर उतरतो, तेव्हा ध्वनिमुद्रण करायचं. टेप आधी वापरलेली घ्यायची. तबकडीवर गाणी ज्या क्रमाने यायची त्याच क्रमाने वाजवून मुद्रित करायची, म्हणजे टेप कापून जोडायचा खर्च वाचतो. यासाठी आधी तालमी किती पक्क्या लागतात याचा विचार करा. अठरा गाणी, क्रमाने, चूक न करता. दौऱ्यावर सामान स्वतः चढवायचं, स्वतः उतरवायचं, स्वतः लावायचं. व्हॅन स्वतः चालवायची, रात्री कुणाच्यातरी घरी फरशीवर झोपायचं. दौरा तोट्यात करायचा नाही. आणि परत आलं की नोकरीवर हजर. हर्ली यंत्रशाळेत काम करायचा, बाकीचे दोघेही काही ना काही काम धरून असत. जगात दोनच गोष्टी आहेत असं ते मानत: प्रत्यक्ष कार्यक्रम आणि त्याची जाहिरातीची पत्रकं. तबकडी, मुलाखत, चित्रफीत, सगळी पत्रकंच. लोकांनी समोर येऊन ऐकावं यासाठी.

माझं बालपण वेंगुर्ल्याजवळ गेलं. जत्रेच्या संध्याकाळी दशावतारी मंडळी पेटारा घेऊन यायची, स्वतःच्या तोंडाला स्वतः रंग लावायची, रात्रभर राजे आणि राक्षस व्हायची, आणि उजाडताना पेटारा बांधून पुढच्या जत्रेच्या वाटेला लागायची. मिनिटमेनच्या दौऱ्यांची हकिकत वाचताना मला आधी तीच माणसं आठवली. कमी खर्चात काम करणारा कलावंत नाइलाजाने तसं करतो, असं शहरी समीक्षक धरून चालतात. इथे तसं नव्हतं. ज्याला कुणाचं देणं नाही त्याला काय वाजवायचं ते कोणी सांगू शकत नाही, हा साधा हिशेब या तिघांनी विशीच्या उंबरठ्यावरच केला होता.

बूनने आपल्या गावासाठी आणखी एक गोष्ट केली. त्याने सॅन पेद्रोतलं एक जुनं नाट्यगृह भाड्याने घेतलं, त्याला 'युनियन' हे नाव दिलं, आणि तिथे लवकर सुरू होऊन लवकर संपणारे कार्यक्रम लावले. कारण सकाळी पाळीवर जाणाऱ्या माणसालाही गाणं ऐकायचा हक्क आहे. हॉलिवूडच्या क्लबांत रात्री अकराशिवाय काही सुरू होत नसे. गोदीतला माणूस तिथे कसा जाणार? त्याने 'द प्रोल' नावाचं एक छोटं पत्रकही काढलं. शिवाय बून, वॉट आणि टॅम्बुरोविच यांनी मिळून न्यू अलायन्स ही स्वतःची तबकडी कंपनी चालवली. तिने हुस्कर डू आणि डिसेंडेंट्स या बँडांच्या सुरुवातीच्या तबकड्या १९८२ मध्ये काढल्या. आपल्याला शिडी मिळाली की ती दुसऱ्यासाठी तिथेच ठेवायची, हे त्यांनी न बोलता केलं.

आणि आता १९८४. त्या वर्षी टर्मिनल आयलंडवरचा स्टारकिस्टचा ट्यूना कारखाना बंद पडला. पहाटेच्या पाळीला पुलावरून जाणाऱ्या कित्येक बायकांचा रोजगार संपला. त्याच वर्षी जुलैत मिनिटमेनची 'डबल निकल्स ऑन द डाइम' आली.

आदल्या नोव्हेंबरात त्यांनी एका तबकडीपुरती गाणी मुद्रित करून ठेवली होती. त्याच्या थोडं आधीच मिनेसोटाचा हुस्कर डू बँड कॅलिफोर्नियात येऊन 'झेन आर्केड' ही जोडतबकडी मुद्रित करून गेला होता. हे ऐकल्यावर तिघे पुन्हा बसले, विसेक नवी गाणी रचली, आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिस भागातल्या रेडिओ टोकियो स्टुडिओत ईथन जेम्सच्या हाताखाली ती मुद्रित केली. मिश्रण एका रात्रीत उरकलं. दोन तबकड्या, ४५ गाणी, ८० मिनिटांहून थोडं जास्त संगीत. खर्च ११०० डॉलर. बड्या कंपन्यांच्या एका गाण्यालाही तेव्हा याहून जास्त पैसे लागत.

मांडणी करायला त्यांनी काड्या ओढल्या. तिघांनी एकेक बाजू घेतली, आळीपाळीने आवडीची गाणी निवडली, आणि उरलेली गाणी चौथ्या बाजूला टाकून तिला 'भुसा' म्हटलं. प्रत्येकाच्या बाजूची सुरुवात त्याच्या त्याच्या मोटारीच्या आवाजाने होते. मुखपृष्ठावर वॉट आपल्या फोक्सवॅगनमध्ये बसला आहे, आरशात त्याचे हसरे डोळे दिसतात, काटा ५५ मैलांवर, आणि समोर सॅन पेद्रोकडे जायची पाटी. त्या वर्षी सॅमी हेगर नावाचा रॉकतारा ५५ च्या वेगमर्यादेत गाडी चालवणं आपल्याला जमत नाही असं जोरात गात होता. यांचं उत्तर होतं की आम्ही वेगमर्यादेत गाडी चालवतो आणि संगीतात हवे तेवढे उधळतो. मला या मुखपृष्ठात सगळा बँड दिसतो. गाडी जुनी, माणूस खूश, रस्ता घरचा.

गाण्यांचा ऐवज बघा. बून मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायचा तेव्हा साहेबाने त्याला कामावर कृष्णवर्णीयांचं संगीत लावू दिलं नाही. त्या रागाचं एक गाणं, 'धिस एन्ट नो पिकनिक'. मेक्सिकोच्या सहलीत समुद्रकिनाऱ्यावर बिअरच्या रिकाम्या बाटल्या वेचणारी बाई दिसली. तिचं एक, 'कोरोना'. वॉटचे शब्द फार हवेतले होतात अशी बूनची तक्रार होती. त्यावर वॉटने एका गाण्यात एका मित्राच्या घरमालकिणीने लिहिलेली न्हाणीघराच्या गळतीची चिठ्ठीच घातली. मित्रांनी लिहिलेले शब्दही आहेत. स्टीली डॅन, व्हॅन हेलन, क्रीडन्स यांची गाणी आपल्या पद्धतीने म्हटलेली आहेत. जॅझ, फंक, मेक्सिकन ठेका, एकट्या गिटारचा तुकडा, नुसती बडबड. पहिल्यांदा ऐकताना माणूस गोंधळतो. त्याला माझा सल्ला असा की बासवर लक्ष ठेवावं. वॉटचा बास धरून चाललं की रस्ता सापडतो.

या बँडपर्यंत मी कसा पोचलो, तेही सांगायला हवं. १९९८ च्या सुमारास आमची बोट टर्मिनल आयलंडच्या धक्क्याला होती. कंटेनरचं लॅशिंग सोडायला आलेल्या एका गोदी कामगाराने माझा तेलकट बॉयलर सूट पाहून विचारलं, तुम्ही इंजिनचे का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, आमच्या गावच्या एका माणसाने इंजिनरूमवर अख्खी तबकडी केली आहे. दुसऱ्या दिवशी त्याने ती कॅसेटवर भरून आणून दिली. माइक वॉटची 'कंटेम्प्लेटिंग द इंजिन रूम', १९९७ ची. मिनिटमेनकडे मी त्यानंतर गेलो. म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे.

शेवट असा. १९८५ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट: मर्श' ही छोटी तबकडी काढली. बाजारात चालणारी गाणी कशी असतात ती करून बघू, म्हणून धृपदं, तुतारी, हळूहळू विरत जाणारे शेवट. मुखपृष्ठ बूनने स्वतः रंगवलं. बैठकीत बसलेले कंपनीवाले बँडकडून हुकमी गाणी कशी लिहून घ्यावीत ते ठरवताहेत. गाणी मला फारशी रुचत नाहीत. त्यांत आवाजाला सूज आल्यासारखी वाटते. 'थ्री-वे टाय (फॉर लास्ट)' ही पुढची मोठी तबकडी डिसेंबरात आली. एक बाजू बूनची, एक वॉटची, दुसऱ्यांची गाणी बरीच. तबकडीबरोबर एक मतपत्रिका होती: आमची कोणती गाणी प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित केलेली हवीत ते श्रोत्यांनी कळवावं, आम्ही तीन तबकड्यांचा संच काढतो. दमलेला बँड असं करत नाही. ते दम घेत होते.

त्याच महिन्यात आर.ई.एम. या बँडने त्यांना आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं. मोठी सभागृहं, आधी कधी न भेटलेले श्रोते. शेवटचा कार्यक्रम १३ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायनात शार्लट इथे झाला. शेवटी दोन्ही बँड एकत्र वाजले. तिघे घरी आले. नाताळच्या आधी, २२ डिसेंबर १९८५ ला, बून अॅरिझोनाकडे निघाला होता. अंगात ताप होता म्हणून व्हॅनमध्ये मागे आडवा झाला होता. वाळवंटातल्या रस्त्यावर व्हॅन उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. मान मोडली. वय २७.

बँडच्या अंताची गोष्ट बहुतेक वेळा भांडणाची, पैशाची किंवा व्यसनाची असते, आणि लिहिणाऱ्याला ती सोयीची पडते, कारण तीत कारण आणि परिणाम जुळवता येतात. इथे तसं काही जुळत नाही. तिघांत फूट नव्हती, कर्ज नव्हतं, कंपनीशी वैर नव्हतं. रस्त्यावर एक अपघात झाला. म्हणून 'ते पुढे किती मोठे झाले असते' या चर्चेत मला रस वाटत नाही. जे केलं ते पूर्ण आहे. श्रोत्यांनी भरून पाठवलेल्या मतपत्रिकांवरून १९८७ मध्ये 'बॅलट रिझल्ट' निघाली. हाताशी होती ती कार्यक्रमांची, तालमींची, रेडिओची मुद्रणं जमवून ती केली. त्यातही दिलेला शब्द पाळला गेला.

वॉटने वाद्य बाजूला ठेवलं होतं. एड क्रॉफर्ड नावाचा ओहायोचा एक कोवळा पोरगा, मिनिटमेनचा चाहता, थेट सॅन पेद्रोला येऊन थडकला आणि दोघांच्या मागे लागला. १९८६ मध्ये त्यातून फायरहोज हा बँड झाला आणि १९९४ पर्यंत चालला. चांगला बँड होता. पण वॉटला जे सांगायचं होतं ते त्याने साठवून ठेवलं आणि बारा वर्षांनी त्या इंजिनरूमच्या तबकडीत सांगितलं.

ती तबकडी म्हणजे नौदलाच्या जहाजावरचा एक दिवस, पहाटेपासून पहाटेपर्यंत. इंजिनरूममधले तिघे. वडिलांचं आयुष्य आणि आपल्या बँडचं आयुष्य वॉटने एकाच कथेत घातलं. 'द बॉयलरमन' हे गाणं बूनचं. 'फायरमन हर्ली' मध्ये तर नावच लपवलेलं नाही. डेकवाल्यांबद्दल एक गाणं आहे, विषुववृत्त ओलांडण्याचं एक, सुटीवर किनाऱ्यावर उतरण्याचं एक. शेवटाकडे तिघांतला एक जातो. मी तीस वर्षांहून जास्त काळ इंजिनरूममध्ये काढला आहे, आणि त्या कामाबद्दल कुठल्याही भाषेत इतकं खरं काही ऐकलेलं नाही. खाली उभा असलेला माणूस समुद्र बघत नाही. तो दाब बघतो, तापमान बघतो, आणि शेजारच्या माणसाच्या हाताच्या हालचालीवरून पुढे काय करायचं ते ओळखतो. आवाजामुळे बोलता येत नाही, म्हणून बघून समजून घ्यावं लागतं. बून, वॉट आणि हर्ली एका मिनिटात चार वळणं घेऊन एकाच क्षणी थांबतात, तेव्हा मला तीच समज ऐकू येते. बून हा बॉयलर सांभाळणारा होता हे वॉटने अगदी बरोबर ओळखलं. वाफ त्याची होती.

नंतरच्या पिढीने त्यांची आठवण आपापल्या परीने ठेवली. रेड हॉट चिली पेपर्सनी १९९१ ची आपली गाजलेली तबकडी माइक वॉटला अर्पण केली. 'अंकल टुपेलो' या बँडने बूनच्या नावाचंच गाणं केलं. २००० साली 'कोरोना' ची गिटार 'जॅकअॅस' या एमटीव्हीवरच्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झाली, आणि ज्यांनी बँडचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो पोरांच्या कानांत ती बसली. बाटल्या वेचणाऱ्या बाईचं गाणं त्या धिंगाण्याला जोडलं गेलं याचं मला वाईट वाटतं. मायकेल अॅझेराडने २००१ मध्ये अमेरिकेच्या स्वतंत्र बँडांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव मिनिटमेनच्या गाण्यातून घेतलं आहे. २००५ मध्ये 'वुई जॅम इकॉनो' हा माहितीपट सॅन पेद्रोच्याच वॉर्नर ग्रँड या जुन्या थिएटरात पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात वॉट आपल्या व्हॅनमधून गाव फिरवतो, झाड कुठलं, घर कुठलं, ते दाखवतो. बूननंतर काढलेली प्रत्येक तबकडी त्याने बूनलाच अर्पण केली आहे.

गाव बदललं. टॉड कंपनीची जहाजबांधणीची गोदी १९८९ मध्ये बंद झाली, मासेमारीच्या होड्या थोड्याच राहिल्या, आणि बंदर सगळं कंटेनरचं झालं. आमच्यासारख्यांची बोट आता दोन-तीन दिवसांत निघते आणि पुष्कळ खलाशांना गाव बघायलाही मिळत नाही.

वाचकांपैकी कुणाला ऐकायचं असेल तर 'द पंच लाइन' पासून सुरुवात करावी. पंधरा मिनिटांत अंदाज येतो. मग 'डबल निकल्स', चारही बाजू, क्रमाने. ती घेताना मात्र बघून घ्या. पहिल्या सीड्यांवर ८० मिनिटं मावत नव्हती म्हणून त्यांतून तीन गाणी गाळलेली आहेत. सगळी ४५ गाणी हवी असतील तर जुनी जोडतबकडीच शोधा.